राजीनामा लिहिण्याआधी: नोकरीत त्रास असताना पेन्शन कशी सांभाळायची

यवतमाळ, वाशिम, गडचिरोलीकडच्या एखाद्या अनुदानित शाळेत शिक्षकाचं किंवा लिपिकाचं संस्थाचालकांशी बिनसलं, की पहिला सल्ला घरूनच येतो. "देऊन टाका ना राजीनामा, काहून डोक्याला ताप करून घेता?" सल्ला मायेपोटी दिलेला असतो. पण एकवीस वर्षं नोकरी झालेल्या माणसाने तो ऐकला, तर म्हातारपणाची सगळी पेन्शन एका कागदावर जाऊ शकते. महाराष्ट्र नागरी सेवा (निवृत्तिवेतन) नियम, १९८२ मधला नियम ४६ सांगतो की राजीनामा दिला की मागची सगळी सेवा जप्त होते. एकवीस काय, अठ्ठावीस वर्षं झाली असतील तरी तेच. भविष्य निर्वाह निधीतले स्वतःचे पैसे मिळतात, दरमहाची पेन्शन मिळत नाही.

त्याच नियमांमध्ये नियम ६६ आहे. वीस वर्षं अर्हताकारी सेवा झाली, म्हणजे पेन्शनसाठी मोजली जाणारी नोकरी वीस वर्षांची भरली, की तीन महिन्यांची लेखी नोटीस देऊन स्वेच्छानिवृत्ती घेता येते. तेव्हा पेन्शनही मिळते आणि उपदान म्हणजे ग्रॅच्युइटीही. म्हणून त्रास असह्य झाला तरी सही करण्याआधी दोन गोष्टी तपासा. आपली मोजली जाणारी सेवा नेमकी किती झाली, आणि अर्जावर "राजीनामा" लिहिलं आहे की "नियम ६६ अन्वये स्वेच्छानिवृत्ती". अर्ज लिहून देणारा ओळखीचा बाबू चांगल्या मनाने "मी माझ्या पदाचा राजीनामा देत आहे" असं टाकून देतो आणि पुढे तो शब्द निस्तरणं फार कठीण जातं.

हे सगळं १ नोव्हेंबर २००५ च्या आधी नेमणूक झालेल्यांसाठी. त्यानंतर लागलेल्यांना परिभाषित अंशदान योजना आणि पुढे राष्ट्रीय पेन्शन योजना लागू झाली. तिथे खात्यात जमलेली रक्कम राजीनाम्याने बुडत नाही, पण हातात फार कमी येते. वयोमानाने निवृत्त झालात तर साठ टक्क्यांपर्यंत रक्कम एकरकमी मिळते आणि चाळीस टक्क्यांची ॲन्युइटी, म्हणजे दरमहा ठरावीक रक्कम देणारी विमा कंपनीची योजना, घ्यावी लागते. मध्येच सोडलंत आणि जमा रक्कम मोठी असेल, तर किमान ऐंशी टक्के ॲन्युइटीत जातात आणि हाती उरतात वीस. या कर्मचाऱ्यांना उपदान आणि कुटुंब निवृत्तिवेतनाचा लाभ ३१ मार्च २०२३ च्या शासन निर्णयाने मिळाला. नेमणूक २००५ च्या आधीची, पण शाळेला शंभर टक्के अनुदान नंतर मिळालं, अशांचा वाद वेगळा आहे आणि बराच काळ कोर्टात चालला आहे. त्यांनी कोणताही अर्ज करण्याआधी वकिलाला कागद दाखवलेच पाहिजेत.

स्वेच्छानिवृत्तीची नोटीस देण्याआधी

वीस वर्षं मनातल्या मनात मोजू नका. रुजू झालेली तारीख आणि सेवा मोजायला सुरुवात होण्याची तारीख एकच असेल असं नाही. खाजगी शाळेत शिक्षणाधिकाऱ्यांची वैयक्तिक मान्यता कोणत्या तारखेपासून आहे ते बघावं लागतं. विनावेतन असाधारण रजा वैद्यकीय प्रमाणपत्राशिवाय घेतली असेल तर ती पेन्शनसाठी धरत नाहीत. वैद्यकीय प्रमाणपत्रावर घेतलेली असेल तर धरतात. सहा महिन्यांची अशी एक जुनी रजा विसरून नोटीस दिली आणि सेवा साडेएकोणीस वर्षंच भरली, तर नोटीस फुकट जाते आणि तुम्ही जाणार हे संस्थेला कळलेलं असतं. आधी सेवापुस्तकावरून अर्हताकारी सेवेची लेखी गणना करून घ्या, शक्य असेल तर शिक्षणाधिकारी कार्यालयाकडून. वीस वर्षांच्या पुढे दोन-चार महिने जास्तीचे ठेवा.

नोटीसची मुदत संपेपर्यंत नेमणूक अधिकाऱ्याने नकार कळवला नाही, तर निवृत्ती त्या तारखेला आपोआप अमलात येते. खातेनिहाय चौकशी चालू असेल तर परवानगी नाकारली जाऊ शकते. नोटीस मागे घ्यायची असेल तर ती निवृत्तीच्या तारखेच्या आधी आणि मंजुरी घेऊनच घेता येते, म्हणून रागाच्या दिवशी नोटीस लिहू नका.

कोऱ्या कागदावरची सही

नेमणुकीच्या वेळी तारीख न टाकलेल्या राजीनाम्यावर सही करून घेण्याचा प्रकार खेड्यापाड्यांतल्या संस्थांमध्ये चालत आला आहे. ज्यांनी अशी सही दिली आहे ते वर्षानुवर्षं त्या कागदाच्या भीतीखाली दबून राहतात. कायदा इथे कर्मचाऱ्याच्या बाजूने आहे. महाराष्ट्र खाजगी शाळांतील कर्मचारी (सेवेच्या शर्ती) विनियमन अधिनियम, १९७७ च्या कलम ७ मध्ये राजीनाम्याची रीतच ठरवून दिली आहे. दोन प्रती, दोन्हींवर सही आणि तारीख, एक प्रत व्यवस्थापनाला रजिस्टर्ड टपालाने, दुसरी स्वतःजवळ. टपालाची पावती नसलेला, कपाटातून काढलेला कागद न्यायाधिकरणासमोर टिकवणं संस्थेला जड जातं.

तसा कागद पुढे करून तुम्हाला कामावरून काढलं, तर कलम ९ नुसार शाळा न्यायाधिकरणात अपील करायचं. विदर्भात नागपूर आणि अमरावतीला ही न्यायाधिकरणं आहेत. मुदत आदेश मिळाल्यापासून ३० दिवस. उशीर झाला तर सबळ कारण देऊन माफी मागता येते, पण त्या भरवशावर राहू नका. या ३० दिवसांत गावातले चार मोठे लोक "बसून मिटवू" म्हणत येतील. बसा, बोला, पण अपील दाखल करून मग बसा. महिला, अनुसूचित जाती आणि जमातीच्या व्यक्तींना उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो. त्यासाठी तालुका विधी सेवा समितीकडे अर्ज करावा.

हजेरीपट

त्रास देण्याची सगळ्यात सोपी वाट हजेरीपटातून जाते. मुख्याध्यापक हजेरीपट कपाटात ठेवतात आणि सांगतात, "अध्यक्षांनी तुम्हाला सही करू देऊ नका म्हटलं." माणूस अपमानाने घरी परततो, दुसऱ्या दिवशी जात नाही, तिसऱ्या दिवशीही नाही. महिनाभराने नोटीस येते की आपण विनापरवानगी गैरहजर आहात. मग तो काळ अकार्यदिन धरायचा की सेवाखंड, हे दुसऱ्याच्या हातात जातं. अकार्यदिन म्हणजे ते दिवस मोजायचे नाहीत, बाकी नोकरी सलग. सेवाखंड म्हणजे त्याआधीची सेवाच धोक्यात, आणि तो क्षमापित, म्हणजे माफ, करून घ्यायला कार्यालयाचे उंबरठे झिजवावे लागतात. पेन्शनची जितकी प्रकरणं अडकतात, त्यातली बरीच या दोन शब्दांत अडकलेली असतात.

म्हणून सही करू दिली नाही तरी शाळेत जायचं. घंटा होण्याआधी पोचायचं, सांगितलेला किंवा वेळापत्रकातला वर्ग घ्यायला उभं राहायचं. त्याच दिवशी, उद्यावर न टाकता, चार ओळींचं पत्र लिहायचं: आज अमुक तारखेला सकाळी अमुक वाजता मी कामावर हजर झालो, मला हजेरीपटावर सही करू दिली नाही, मी काम करण्यास तयार आहे आणि होतो. एक प्रत मुख्याध्यापकांना, एक शिक्षणाधिकाऱ्यांना, एक गटशिक्षणाधिकाऱ्यांना. शाळेच्या आवक रजिस्टरमध्ये नोंद देत नसतील तर तालुक्याच्या टपाल कार्यालयातून पाठवा. रजिस्टर्ड टपाल आता स्पीड पोस्टमध्ये विलीन झालं आहे, तेव्हा खिडकीवर नोंदणीची सोय आणि पोचपावती दोन्ही मागून घ्या. पावतीची शाई वर्षभरात उडते, म्हणून त्याच दिवशी झेरॉक्स काढा. ई-मेलही करा. ई-मेलवर तारीख आणि वेळ आपोआप पडते, ती सहजासहजी बदलता येत नाही.

पत्रात शिवी नको, जात नको, "तुमच्या भ्रष्टाचाराचा पर्दाफाश करीन" नको. ते वाक्य पुढे तुमच्याविरुद्धच्या आरोपपत्रात येतं. तारीख, वेळ, कोण काय म्हणालं, एवढंच. सोबत घरी एक दोनशे पानी वही ठेवा आणि रोजची नोंद त्याच दिवशी करा. वही शाळेच्या कपाटात ठेवू नका.

सेवापुस्तक

पेन्शनचा हिशेब सेवापुस्तकावर होतो आणि सेवापुस्तक त्याच मुख्याध्यापकांच्या ताब्यात असतं ज्यांच्याशी तुमचं पटत नाही. दरवर्षी ते पाहून सही करण्याचा तुम्हाला हक्क आहे. दुय्यम प्रत स्वतःजवळ असलीच पाहिजे. पाहायला देत नसतील तर माहितीचा अधिकार वापरा. अनुदानित शाळेलाही तो लागू आहे. अर्जावर दहा रुपयांचं कोर्ट फी तिकीट लावा, एकाच विषयावर दीडशे शब्दांच्या आत मागणी लिहा: "माझ्या मूळ सेवापुस्तकाच्या सर्व पानांच्या साक्षांकित प्रती." ३० दिवसांत मिळालं नाही तर पुढच्या ३० दिवसांत पहिलं अपील, त्यानंतर ९० दिवसांत राज्य माहिती आयोगाकडे दुसरं. आयोगाची खंडपीठं नागपूर आणि अमरावतीला आहेत.

प्रती हातात आल्या की नुसती पानं मोजू नका. नाव आणि जन्मतारीख आधार व पॅनशी जुळते का. नेमणूक आदेश आणि वैयक्तिक मान्यतेचा क्रमांक व तारीख आहे का. दरवर्षीच्या सेवा पडताळणीची नोंद सलग आहे का. एखादं वर्ष सुटलं असेल तर त्या वर्षाची वेतन देयकं शोधावी लागतात, आणि शाळेत वाळवी लागलेल्या गठ्ठ्यातून वीस वर्षांपूर्वीचं देयक काढणं किती कठीण ते लिपिकांना विचारा. रजेचा हिशेब पूर्ण आहे का. १ जानेवारी १९९६, १ जानेवारी २००६ आणि १ जानेवारी २०१६ यांपैकी तुम्हाला लागू असलेल्या प्रत्येक वेतननिश्चितीवर वेतन पडताळणी पथकाचा शिक्का आहे का.

या शिक्क्याकडे खास लक्ष द्या. वेतननिश्चिती चुकली असेल तर ती निवृत्तीच्या तोंडावर उघडकीला येते आणि लाख-दोन लाखांची वसुली उपदानातून निघते. सर्वोच्च न्यायालयाने १८ डिसेंबर २०१४ रोजी रफिक मसीह प्रकरणात सांगितलं आहे की वर्ग तीन आणि चारच्या कर्मचाऱ्यांकडून, निवृत्त झालेल्यांकडून किंवा वर्षभरात निवृत्त होणाऱ्यांकडून, तसंच पाच वर्षांहून अधिक काळ चुकून दिलेल्या जादा वेतनाची अशी वसुली करता येत नाही. तरी वेतननिश्चितीच्या वेळी "जादा रक्कम परत करीन" असं वचनपत्र दिलेलं असेल तर त्यावरून वाद होतो. शिक्का आधीच मारून घेतला की कोर्टात जायची वेळच येत नाही.

बारा वर्षांची वरिष्ठ वेतनश्रेणी आणि चोवीस वर्षांची निवड श्रेणी हाही छळाचा एक मार्ग आहे. संस्था प्रस्तावच पाठवत नाही. यात दर महिन्याचं नुकसान तर आहेच, पण शेवटच्या मूळ वेतनावर पेन्शन ठरते, म्हणून ते जन्मभर चालू राहतं. या श्रेणीसाठीचं प्रशिक्षण पूर्ण झाल्याच्या दिवशीच लेखी मागणी करा आणि एक प्रत शिक्षणाधिकाऱ्यांकडे द्या, म्हणजे उशीर कोणामुळे झाला हे कागदावर राहील. भविष्य निर्वाह निधीची वार्षिक स्लिप वेतन पथकातून दरवर्षी घ्या आणि बारा महिन्यांच्या कपाती शालार्थ या ऑनलाइन वेतन प्रणालीच्या स्लिपशी जुळवा.

आरोपपत्र आलं तर

घाबरून उत्तर न देणं ही सगळ्यात मोठी चूक. वरच्या १९७७ च्या कायद्याखालच्या सेवाशर्ती नियमावली, १९८१ च्या नियम ३६ नुसार आरोपांचं निवेदन मिळाल्यावर लेखी खुलाशाला सात दिवस मिळतात. चौकशी समिती तीन जणांची असते: एक व्यवस्थापनाचा, एक तुम्ही सुचवलेला कोणत्याही खाजगी शाळेतला कर्मचारी, आणि एक पुरस्कारप्राप्त शिक्षकांच्या यादीतला. आपला प्रतिनिधी मुदतीत कळवला नाही तर समिती दोघांवरच चालते, आणि मग आतलं काय ते तुम्हाला नंतर कळतं. असा माणूस निवडा जो दर तारखेला पन्नास-साठ किलोमीटर येऊ शकेल आणि कामकाजाच्या नोंदीवर वाचल्याशिवाय सही करणार नाही. चौकशी साधारणपणे १२० दिवसांत संपवायची असते.

निलंबनासाठी शिक्षणाधिकाऱ्यांची पूर्वपरवानगी घेतली का, हे पहिल्याच पत्रात विचारा. घेतली नसेल तर निर्वाहभत्ता संस्थेने स्वतःच्या खिशातून द्यायचा असतो. हे कळल्यावर बऱ्याच संस्थांचा उत्साह कमी होतो. निलंबनात पहिले चार महिने अर्धवेतनी रजेइतकी रक्कम आणि त्यावर महागाई भत्ता मिळतो. त्या काळात मुख्यालय सोडायचं असेल तर परवानगी घ्या.

शिक्षांमध्येही फरक आहे. बडतर्फी किंवा सेवेतून काढून टाकणं झालं तर सेवा जप्त होते. सक्तीची सेवानिवृत्ती झाली तर पेन्शन मिळू शकते. आणि निवृत्तीच्या दिवशी चौकशी अर्धवट असेल तर निवृत्तिवेतन नियमांतल्या नियम १३० प्रमाणे तात्पुरती पेन्शन चालू होते, उपदान मात्र निकालापर्यंत अडकतं. म्हणून तारखा पुढे ढकलण्यात तुमचा फायदा नाही. चौकशी लवकर संपवा असं तुम्हीच लेखी मागा.

छळ लैंगिक स्वरूपाचा असेल तर वाट वेगळी आहे. २०१३ च्या कायद्याप्रमाणे घटनेपासून तीन महिन्यांत तक्रार करायची. दहापेक्षा कमी कर्मचारी असलेल्या शाळेत अंतर्गत समिती नसते, तिथे तक्रार जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे जाते. तक्रार संस्थाचालकाविरुद्धच असेल तरीही तिथेच. चौकशी चालू असताना बदली किंवा तीन महिन्यांपर्यंत रजा मागता येते.

शेवटची दोन वर्षं

पेन्शन प्रकरणाचं काम निवृत्तीच्या दोन वर्षं आधी सुरू व्हायला हवं आणि प्रस्ताव सहा महिने आधी पुढे जायला हवा. विदर्भातल्या अनुदानित माध्यमिक शाळांची प्रकरणं शिक्षणाधिकाऱ्यांमार्फत नागपूरच्या महालेखापाल कार्यालयात जातात. जिल्हा परिषदेच्या शिक्षकांची जिल्हा परिषदेतच मंजूर होतात. अडवणूक होते ती ना-देय आणि ना-चौकशी प्रमाणपत्रांपाशी. ती देणारे मुख्याध्यापक आणि सचिव, आणि हिशेब चुकता करायला त्यांना याहून चांगली संधी मिळत नाही.

त्यावर उपाय म्हणजे प्रभार वेळच्या वेळी सोडणं. ग्रंथालय, प्रयोगशाळा, क्रीडा साहित्य, आणि सगळ्यात आधी पोषण आहार. पहिली ते पाचवीला दर मुलामागे १०० ग्रॅम आणि सहावी ते आठवीला १५० ग्रॅम तांदूळ धरतात. चाळीस मुलांच्या प्राथमिक वर्गांना वीस दिवसांत ऐंशी किलो. साठा रजिस्टरमधली शिल्लक या हिशेबाशी आणि कोठीतल्या पोत्यांशी दर महिन्याला जुळवा. चार वर्षांपूर्वीच्या दोन पोत्यांवरून निवृत्तीनंतर वसुली निघू शकते. प्रभार देताना वस्तूनिहाय यादी, दोघांच्या सह्या, तारीख, आणि एक प्रत गटशिक्षणाधिकाऱ्यांना.

प्रमाणपत्र अडवलं तर लेखी मागणी, पंधरा दिवसांनी स्मरणपत्र, मग शिक्षणाधिकारी, मग शिक्षण उपसंचालक. आपले सरकार पोर्टलवर तक्रार टाका. महिन्याच्या पहिल्या सोमवारी जिल्हाधिकारी कार्यालयात लोकशाही दिन असतो, पण तिथे सेवाविषयक अर्ज स्वीकारत नाहीत. प्रशासनाच्या चुकीने उशीर झाला तर निवृत्तिवेतन नियमांतल्या नियम १२९-अ आणि १२९-ब खाली उपदान आणि पेन्शनवर व्याज मागा.

या सगळ्यात शरीर साथ देईनासं होतं. झोप जाते, रक्तदाब वाढतो. ते लपवू नका. ग्रामीण किंवा उपजिल्हा रुग्णालयात दाखवा, केसपेपर जपून ठेवा आणि रजा लागली तर वैद्यकीय प्रमाणपत्रावरच घ्या. मन फार खचलं तर टेलि-मानसचा १४४१६ हा सरकारी क्रमांक चोवीस तास मोफत चालतो, मराठीतही बोलता येतं.

जिनिंग, पतसंस्था, खासगी दवाखाना

इथे वरचे नियम लागू नाहीत, भविष्य निधीच्या कायद्याखाली येणाऱ्या आस्थापनांना कर्मचारी भविष्य निर्वाह निधी आणि १९९५ ची पेन्शन योजना लागू आहे. पगारातून बारा टक्के कापतात, मालकही बारा टक्के भरतो. मालकाच्या हिश्श्यातले ८.३३ टक्के पेन्शनमध्ये जातात, तेही १५,००० रुपये पगाराच्या मर्यादेपर्यंत. पेन्शनसाठी दहा वर्षं सेवा लागते आणि सहा महिने किंवा त्याहून जास्तीचा तुकडा पूर्ण वर्ष धरतात, म्हणजे साडेनऊ वर्षं भरली की दहा धरली जातात. नऊ वर्षं दोन महिन्यांवर मालकाशी भांडून उठलेल्या माणसाने आणखी चार महिने कुठेही, अगदी दुसऱ्या तालुक्यातल्या दुसऱ्या मालकाकडे, भविष्य निधी कापून काम केलं तरी भागतं. अट एकच: मधल्या काळात पेन्शनचे पैसे काढायचे नाहीत. फॉर्म १०-सी भरताना पैसे न मागता योजना प्रमाणपत्र मागा, किंवा जुनं खातं त्याच यूएएनखाली (भविष्य निधीचा नोकरी बदलली तरी तोच राहणारा क्रमांक) नव्या नोकरीत वळतं करा. पैसे काढले की ती वर्षं शून्य होतात.

हिशेब सोपा आहे. सरासरी पगार गुणिले वर्षं भागिले सत्तर. पंधरा हजारांवर दहा वर्षांचे महिन्याला सुमारे २,१४३ रुपये. वीस वर्षं भरली की दोन वर्षं वरून मिळतात, मग तेच ४,७१४ होतात. पेन्शन अठ्ठावन्नला सुरू होते. पन्नाशीनंतर आधी घेता येते, पण दर वर्षामागे चार टक्के कमी.

मालक पगारातून कापतो आणि भरत नाही, हे मोबाइलवर पासबुक दर महिन्याला पाहिल्याशिवाय कळत नाही. पगार स्लिप किंवा बँकेतली जमा आणि पासबुक यांत फरक दिसला की निधीच्या ऑनलाइन तक्रार पोर्टलवर किंवा नागपूर, अकोल्याच्या कार्यालयात लेखी तक्रार द्या आणि थकबाकीची चौकशी मागा. मालकाने नोकरी सोडल्याची तारीख टाकली नाही तर दोन महिन्यांनंतर ती स्वतः पोर्टलवर टाकता येते. "राजीनामा दिला म्हणून ग्रॅच्युइटी नाही" हे खोटं आहे. पाच वर्षं सलग भरली असतील तर राजीनाम्यानंतरही दर वर्षाला पंधरा दिवसांचा पगार द्यावा लागतो.

कापसाच्या हंगामात चार-पाच महिने जिनिंगवर काम करणाऱ्यांना बहुतेक वेळा सांगितलं जातं की तुमची दहा वर्षं कधी भरायचीच नाहीत. हंगामी आस्थापनेत एका वर्षातली प्रत्यक्ष सेवा वर्षाहून कमी असली तरी पेन्शनच्या पात्रतेसाठी ते पूर्ण वर्ष धरलं जातं, असं योजनेतच लिहिलं आहे. त्यासाठी प्रत्येक हंगामात तोच यूएएन वापरला गेला पाहिजे. दर दिवाळीनंतर कामावर लागताना मुकादमाला नवा क्रमांक काढू देऊ नका, जुना क्रमांक कागदावर लिहून द्या, आणि हंगाम संपला की पासबुकात त्या वर्षाचा भरणा दिसतो का ते बघूनच गाव गाठा.